कैद्यांशी बोलताना तो ब्रिटिश ॲक्सेंट खरंच कामाला येतो का?

रात्रपाळी

सध्या मला तुरुंगावरच्या डॉक्युमेंटरी बघायचं वेड लागलंय. सुरुवात झाली लुई थरू या ब्रिटिश डॉक्युमेंटरीवाल्याच्या सॅन क्वेंटिन (कॅलिफोर्नियातला तुरुंग) वाल्या एपिसोडने (बीबीसी, २००८, ‘बिहाइंड बार्स’), मग त्याचाच मायामीच्या जेलवरचा दोन भागांचा बघितला, आणि आता मी काही शोधायची गरजच नाही, यूट्यूब आपणहून एकामागे एक वाढत असतं.

तर प्रश्न असा. हा माणूस दिसायला उंच, चष्मेवाला, कुठल्यातरी कॉलेजात इतिहास शिकवत असेल असा. आवाज एकदम मऊ, शिकलेल्या इंग्रज माणसाचा टिपिकल ॲक्सेंट. समोर कोण, तर जन्मठेपेवाला, मानेपर्यंत टॅटू, आणि हा कोठडीच्या दारात उभा राहून त्याला विचारणार की तू हे का केलंस, तुला त्याचं काही वाटतं का, आणि इथे रात्री भीती वाटते का. ते पण कशा टोनमध्ये तर जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला कसं चाललंय विचारावं तशा. आणि समोरचा चिडत नाही हो! जरा थांबतो, याच्याकडे बघतो, कधी हसतो आणि मग बोलायला लागतो ते बोलतच सुटतो.

माझ्या भावाचं म्हणणं की ही सगळी ॲक्सेंटची करामत आहे, अमेरिकन रिपोर्टरने हेच प्रश्न विचारले असते तर दुसऱ्या वाक्याला हाकलून दिला असता. मला तसं वाटत नाही. म्हणजे ॲक्सेंटचा थोडा हात असेलही, पण मला वाटतं की तो मुद्दाम भोळा होतो, काही माहीत नसल्यासारखं करतो, आणि समोरच्याला वाटतं की चला, या बावळटाला जरा समजावून सांगू. तुम्हाला काय वाटतं? आणि असाच दुसरा कोणी इंटरव्ह्यू घेणारा असेल ज्याची स्टाइल अगदी उलटी आहे पण तरी कैदी बोलतात, तर तेही सुचवा.

आडवाट

भावाशी सहमत, अर्धा तरी.

अमेरिकन कैद्याच्या कानाला अमेरिकन ॲक्सेंट म्हणजे नुसता आवाज नसतो, त्यात सगळा पत्ता येतो. समोरचा कुठल्या भागातला, किती शिकलेला, बऱ्याचदा गोरा की काळा, पोलिसांच्या घरातला वाटतो की वकिलांच्या, हे दोन वाक्यांत कळतं. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत तर यार्डात सुद्धा वंशाप्रमाणे गट पडलेले असतात, कोण कोणाबरोबर उभं राहणार, कोण कोणाबरोबर जेवणार हे ठरलेलं असतं, तू बघितलंस ना त्या एपिसोडमध्ये. अशा ठिकाणी कुठल्याच गटात न बसणारा आवाज आला की त्याला काय सांगायचं आणि काय नाही याचा नियमच नसतो. तो कोणाच्याच बाजूचा नाही. आठवड्याभराने विमानात बसून निघून जाणार.

त्यामुळे मला वाटतं ॲक्सेंट ‘ब्रिटिश’ आहे याला फार अर्थ नाही, तो ‘इथला नाही’ याला आहे. ऑस्ट्रेलियन चालला असता, आयरिश चालला असता.

भोळेपणाबद्दल मात्र तुझं बरोबर आहे, कारण हा माणूस अमेरिकेला अजिबात नवखा नाहीये. त्याचे वडील पॉल थरू अमेरिकन, लेखक. स्वतः ऑक्सफर्डला इतिहास शिकल्यावर अमेरिकेतच पेपरात आणि मासिकात काम केलं, टीव्हीवर पण आधी मायकेल मूरच्या कार्यक्रमात आला. एवढं सगळं असून यार्डात उभा राहून विचारणार की हे लोक वेगळेवेगळे का उभे आहेत म्हणून. माहीत असतंच त्याला.

तिरकस

माहीत असून विचारणं ही ॲक्टिंग नाही, तो इंटरव्ह्यूचा पहिला धडा आहे. उत्तर त्याला नको असतं, ते समोरच्याच्या तोंडून हवं असतं. यात एवढं काय.

कोर्टकचेरी

ॲक्सेंटवर चर्चा चालू दे, पण त्याआधी कोण कोणाशी कुठे बोलू शकतं हे बघायला हवं, कारण स्टाइल अर्ध्याहून जास्त तिथेच ठरते.

कॅलिफोर्नियात पत्रकाराला ‘मला अमुक कैद्याचा कॅमेऱ्यावर इंटरव्ह्यू हवाय’ असं नाव घेऊन मागता येत नाही. हा वाद जुना आहे, १९७४ मध्ये पेल विरुद्ध प्रोक्युनियर या केसमध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने असा नियम चालतो म्हणून सांगितलं, आणि नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियाने तो पुन्हा कडक केला. पण तुरुंगात फिरताना जो कैदी भेटेल, ज्याला बोलायचंय, त्याच्याशी बोलता येतं. आता सॅन क्वेंटिनचा एपिसोड परत आठवा. थरू सतत चालतोय, अधिकारी बरोबर, या कोठडीपाशी थांब, त्या दारापाशी थांब, मग यार्ड. तुम्हाला जी ‘सहज गप्पा’वाली स्टाइल वाटते ती जागेने पण ठरवलेली आहे. खुर्च्या मांडून, लाइट लावून तासभर बसायचं ठरवलं असतं तर हेच प्रश्न उलटतपासणीसारखे वाटले असते.

दुसरं म्हणजे मायामी. ते प्रिझन नाही, जेल आहे. तिथले बहुतेक लोक अजून दोषी ठरलेलेच नाहीत, खटल्याची वाट बघत पडलेत. अशा माणसाने कॅमेऱ्यासमोर काही कबूल केलं तर सरकारी वकील ते कोर्टात वापरू शकतो. पोलीस विचारतात तेव्हा निदान गप्प बसायचा हक्क वाचून दाखवावा लागतो, पत्रकाराला असं काही बंधन नाही. म्हणून सॅन क्वेंटिनमध्ये ‘तू काय केलंस’ हा प्रश्न जितका सरळ आहे तितका तो मायामीत नाही. तिथे नीट बघा, मजा कशात आहे तर आतल्या आयुष्यात, कोठडीत मारामाऱ्या का होतात, नवीन आलेल्याचं काय होतं, गार्ड आत का जात नाहीत. गुन्ह्याबद्दल बोलणं आलं की लोक गोल गोल बोलतात, आणि त्यांनी तसंच बोलायला हवं.

तिसरं, हे माझं मत आहे, पण अमेरिकेतल्या बऱ्याच कैद्यांनी प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे डिटेक्टिव्हच बघितलेला असतो. तिकडे वर्षानुवर्षं रीड टेक्निक चालत आलं, म्हणजे तूच केलंयस हे धरूनच सुरुवात, नाही म्हणालास तर मध्येच तोडायचं, मग ‘असं कोणाच्याही हातून झालं असतं रे’ करून सुटायची वाट दाखवायची. इंग्लंड-वेल्समध्ये गिल्डफर्ड फोर आणि बर्मिंगहॅम सिक्स यांच्यासारख्या चुकीच्या शिक्षा उघड झाल्यावर पोलिसांनी नव्वदच्या सुरुवातीला पीस नावाची पद्धत आणली, त्यात आधी समोरच्याला त्याच्या शब्दांत सगळं सांगू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, मग विसंगती विचारायची. थरू पोलीस नाही, पण त्याचं विचारणं या दुसऱ्या जातीचं आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी पूर्ण उत्तर ऐकून घेतंय, हा फरक आवाजापेक्षा मोठा असणार.

रात्रपाळी

@कोर्टकचेरी, काय भारी माहिती दिलीत! जेल आणि प्रिझनचा फरक माहीत होता पण प्रश्नांवर त्याचा परिणाम होतो हे डोक्यातच आलं नव्हतं. मायामीत एक मुलगा सारखा वकिलाचं नाव काढत होता, मला वाटलं टाळतोय.

@आडवाट, पण मग ट्रेव्हर मॅकडॉनल्डचं काय? तोही यूट्यूबने वाढला काल. इंडियानाच्या मिशिगन सिटीतला तुरुंग, डेथ रो (फाशी सुनावलेल्यांचा विभाग), कार्यक्रम ब्रिटनच्या आयटीव्ही चॅनेलचा, २०१३. तो थरूसारखं अजिबात करत नाही, तो चक्क बातम्या वाचल्यासारखा बोलतो. सूट, आदब, गंभीर चेहरा. आणि त्याच्याशीही बोलतात.

आडवाट

मॅकडॉनल्ड पंचवीस-तीस वर्षं बातम्याच वाचत होता की! आणि तो त्रिनिदादमध्ये जन्मलेला, १९३९ चा, काळा माणूस, आवाज मात्र ब्रिटिश न्यूजरूमचा. आता अमेरिकन कैद्याच्या डोक्यात हा कुठल्या खणात बसणार? कुठल्याच नाही. माझाच मुद्दा सिद्ध होतोय.

शिवाय वय. सत्तरी ओलांडलेला माणूस शांतपणे समोर बसून विचारतो तेव्हा तरुण कैदी वेगळ्याच अदबीने बोलतात. थरूला ते मिळत नाही, त्याला चेष्टा मिळते, आणि तो चेष्टा चालवून घेतो, किंबहुना त्याला ती हवीच असते.

अनुनासिक

भाषाविज्ञान शिकतेय त्यामुळे राहवलं नाही, लांबण लागली तर माफ करा.

ॲक्सेंटचा परिणाम होतो का यावर अभ्यास बरेच झालेत, आणि योगायोग असा की त्यातल्या एका नावाजलेल्या प्रयोगाचा विषय फाशीच होता. हॉवर्ड जाइल्स नावाच्या संशोधकाने १९७३ मध्ये तो छापला. साउथ वेल्स आणि सॉमरसेटमधल्या शाळकरी मुलांना फाशीच्या शिक्षेविरुद्धचा एकच युक्तिवाद वेगवेगळ्या ॲक्सेंटमध्ये ऐकवला, एक रेडिओवरचं स्टॅंडर्ड इंग्लिश, बाकी प्रांतीय, म्हणजे वेल्सचा, सॉमरसेटचा, बर्मिंगहॅमचा. मजकूर तोच. मुलांनी युक्तिवाद ‘चांगला’ कुठला म्हटला? स्टॅंडर्डवाला. आणि मत कोणाचं ऐकून जास्त बदललं? प्रांतीय ॲक्सेंटवाल्यांचं.

म्हणजे प्रतिष्ठा एकीकडे आणि मनापर्यंत पोचणं दुसरीकडे. तुम्ही सगळे धरून चाललाय की थरूचा आवाज ‘भारदस्त’ आहे म्हणून लोक उघडतात, तर या हिशोबाने तसं असायचं कारण नाही. (अर्थात जाइल्सचे श्रोते ब्रिटिश होते, अमेरिकन कान वेगळा असतो, हे आडवाट यांचं बरोबर.)

मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते हे की थरू आपला ॲक्सेंट बदलत नाही. माणसं बोलताना नकळत एकमेकांच्या बोलण्याकडे सरकतात, समोरचा हळू बोलला की आपण हळू, तो गावाकडचं बोलला की आपणही दोन शब्द तसे टाकतो. याच जाइल्सने पुढे त्यावर अख्खी थिअरी मांडली. आता विचार करा, ऑक्सफर्डचा माणूस कोठडीच्या दारात जाऊन गॅंगची भाषा बोलायला लागला तर काय होईल? एक तर चेष्टा केल्यासारखं वाटेल, नाहीतर लाळघोटेपणा. तो ते करत नाही. आतला एखादा शब्द आला की तो थांबून त्याचा अर्थ विचारतो, मग तोच शब्द आपल्या पुस्तकी उच्चारात परत म्हणून बघतो, आणि समोरचा हसतो. त्या हसण्यात कैदी वर आणि हा खाली, शिकवणारा तो आणि शिकणारा हा. तुरुंगात दिवसभर ज्याला कुठे बस, कुठे उभा राहा हे दुसऱ्याकडून ऐकावं लागतं त्याला पाच मिनिटं मास्तर व्हायला मिळतं. माझ्या मते खरी चावी तिथे आहे.

आणखी एक, मग थांबते. विल्यम लबॉव्ह नावाचे भाषाशास्त्रज्ञ साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोकांचं बोलणं टेप करायचे. अडचण अशी की टेपरेकॉर्डर दिसला की माणूस शुद्ध बोलायला लागतो. मग ते विचारायचे, असं कधी झालंय का की आता आपण मरणार असं वाटलं? ती गोष्ट सांगता सांगता माणूस टेप विसरतो, आणि रोजचं बोलणं बाहेर पडतं. तुरुंगात तर हा प्रश्न शोधून काढावाही लागत नाही. तिथल्या प्रत्येकाकडे तसली एक गोष्ट आहेच. त्यामुळे इंटरव्ह्यू घेणाऱ्याला आपण जितकं श्रेय देतोय तितकं त्याचं असेलच असं नाही.

तिरकस

सगळं गोड गोड चाललंय म्हणून मी जरा खडा टाकतो.

निक ब्रूमफील्ड. ब्रिटिश, तोही मऊ बोलणारा, हातात माइकचा दांडा, कानाला हेडफोन, थरूच्या आधीपासून तो ‘गोंधळलेला इंग्रज’ रंगवतोय. आयलीन वुर्नोस, फ्लोरिडात सात पुरुष मारल्याचा आरोप, सहा खुनांत फाशी, तिच्यावर याने दोन डॉक्युमेंटरी केल्या, १९९२ आणि २००३. २००३ वालीत ती कॅमेऱ्यासमोर सांगते की स्वसंरक्षण वगैरे काही नव्हतं, मी थंड डोक्याने मारलं. मग तिला वाटतं कॅमेरा बंद झालाय, आणि ती कुजबुजते की होतं, स्वसंरक्षणच होतं, पण मला आता हे संपवायचंय, मला मरायचंय. कॅमेरा चालू होता. ते फिल्ममध्ये आहे.

आता सांगा, इथे ॲक्सेंट कामाला आला का? आला की. दहा वर्षं ओळख असलेला सभ्य, मवाळ आवाजाचा माणूस, त्याच्यापाशी ती कुजबुजली. ९ ऑक्टोबर २००२ ला तिला फाशी दिली, इंजेक्शन. शेवटच्या इंटरव्ह्यूत ती त्याच्यावर चिडून उठून गेली.

लोक म्हणतात त्यामुळे सत्य कळलं. असेल. पण ‘तो किती छान ऐकतो’ असं म्हणताना कॅमेरा कोणाच्या हातात आहे हे विसरू नये एवढंच. गार्ड शेजारी उभा असताना, दिवसातले तेवीस तास कोठडीत काढणारा माणूस इंटरव्ह्यूला ‘हो’ म्हणतो ती संमती कितपत खरी? कोणीतरी बोलायला आलंय हेच मोठं असतं. त्याला बिगबेनच्या आवाजात विचारलं काय आणि कशाच्या काय.

कोर्टकचेरी

@तिरकस, संमतीचा मुद्दा मान्य. पण त्या केसमध्ये एक राहिलं, ब्रूमफील्डला तिच्या अपिलात साक्षीला बोलावलं होतं आणि तो गेला. पहिल्या फिल्ममध्ये तिच्या वकिलाचं जे वागणं दिसतं त्यावरच प्रश्न होते. डॉक्युमेंटरीवाला म्हणजे सरळ लुटारू असं म्हणता येत नाही, कधी कधी त्याचं फुटेजच कैद्याच्या कामाचं असतं.

फिल्मी किडा

धागा मस्त पेटलाय! रात्रपाळी, उलट्या स्टाइलचं विचारलं होतंस ना, मग वर्नर हर्झोग बघ, ‘इनटू द अबिस’, २०११. जर्मन माणूस, त्याचं इंग्लिश म्हणजे प्रत्येक शब्द दगडात कोरून काढल्यासारखा, आणि तो दिसत नाही, फक्त आवाज येतो. टेक्सास, काचेपलीकडे मायकेल पेरी, तिहेरी खुनाच्या प्रकरणातला, अठ्ठावीस वर्षांचा, आठ दिवसांनी त्याला इंजेक्शन देणार आहेत. थरू असता तर हळूहळू आत शिरला असता. हर्झोग सुरुवातीलाच त्याला सांगून टाकतो की तुझं बालपण वाईट गेलं म्हणून तू निर्दोष ठरत नाहीस, आणि तू मला आवडायलाच हवास असंही नाही, पण तू माणूस आहेस आणि माणसाला फाशी देऊ नये असं मला वाटतं. तोंडावर! पेरी जरा चपापतो. आणि तरी बोलतो, अगदी मोकळेपणाने बोलतो. मला वाटतं डेथ रोवर इतक्या वर्षांत त्याच्याशी इतकं सरळ कोणी बोललंच नसेल.

आणि तो खारीचा प्रश्न! तो मात्र कैद्याला नाही, तुरुंगाच्या पाद्र्याला. फिल्म सुरूच त्याच्यापासून होते. मागे कैद्यांची दफनभूमी, एकसारख्या क्रॉसच्या रांगा, आणि थोड्या वेळाने पाद्र्याला एका फाशीला हजर राहायचंय. तो ठरलेलं बोलतोय, देव, करुणा, मग सांगतो की मी सकाळी गोल्फ कोर्सवर जातो, तिथे हरणं, खारी भेटतात, निसर्ग किती सुंदर. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता बरं बरं, आता फाशीबद्दल सांगा. हर्झोग त्या जड जर्मन इंग्लिशमध्ये म्हणतो, खारीच्या भेटीचं वर्णन करा. बस्स. पाद्री सांगायला लागतो की कार्टमधून जाताना खारी आडव्या आल्या आणि मी ब्रेक दाबला म्हणून त्या वाचल्या, आणि तिथून तो स्वतःच येतो की इथे टेबलावरच्या माणसासाठी मला ब्रेक दाबता येत नाही, आणि त्याला रडू फुटतं. मी तो सीन मागे नेऊन नेऊन बघितलाय. प्रश्न कागदावर लिहिला असता तर कोणीही खोडून टाकला असता.

आता तो आवाज. इंग्रज ॲक्सेंट नाही, मृदू नाही, भोळा तर नाहीच नाही. म्हणजे भावाची थिअरी इथे गेली.

रच्याकने, एक गोष्ट कोणी बोललं नाही. हे सगळं आपण एडिट होऊन बघतोय. थरूने प्रश्न विचारला आणि समोरचा चार सेकंद गप्प बसला, ते चार सेकंद ठेवायचे की कापायचे हे एडिटर ठरवतो. त्याचा अवघडलेला चेहरा कुठल्या उत्तरानंतर लावायचा हेही. ज्यांनी हाकललं ते कैदी आपल्याला दिसतच नाहीत, किंवा एखादाच दिसतो, चवीपुरता.

रात्रपाळी

खारीचा सीन आत्ता बघून आले. काय बोलू.

पण किडा, एडिटिंगचं म्हणतोयस तर मग ॲक्सेंटचा परिणाम नक्की कोणावर होतो, कैद्यावर की आपल्यावर?

अनुनासिक

हाच प्रश्न विचारायला हवा होता सुरुवातीला! माझं मत, आपल्यावर जास्त.

बघ ना, थरूचा कार्यक्रम मुळात बीबीसी टूच्या ब्रिटिश प्रेक्षकासाठी. त्या प्रेक्षकाला त्याचा आवाज म्हणजे स्वतःचाच आवाज, ‘आपल्यातला एक’ तिकडे भयंकर लोकांत गेलाय. आणि आपण मराठी लोक? आपल्याला थरूचं इंग्लिश स्पष्ट कळतं, शाळेत ऐकलेलं, बातम्यांत ऐकलेलं. कैद्याचं अर्धं कळत नाही, खाली सबटायटल वाचावं लागतं. ज्याचं बोलणं कानाने कळतं तो आपला, आणि ज्याचं वाचावं लागतं तो नमुना. थरूने काही न करता आपण त्याच्या बाजूला जाऊन बसलेलो असतो. मग त्याचा प्रश्न समंजस वाटतो आणि उत्तर विचित्र वाटतं. हेच उलटं करून बघा, सॅन क्वेंटिनमध्ये वीस वर्षं काढलेल्याला याचे प्रश्न किती बाळबोध वाटत असतील.

आडवाट

आपल्यावर होतो हे मान्य. पण ‘जास्त’ नाही. कैद्याने तोंडच उघडलं नाही तर आपल्यापर्यंत पोचणार काय? राफेल रोचं उदाहरण घ्या, नेटफ्लिक्सवर जगातल्या कडक तुरुंगांची सिरीज करतो तो (पहिल्या सीझनला दुसरा होता, पॉल कॉनोली). रो पण ब्रिटिशच, पण साउथ लंडनचा, रस्त्यावरचा आवाज, ऑक्सफर्डचा नाही. आणि तो स्वतः जवळपास बारा वर्षं आत होता, १९८८ मध्ये अटक, १९९० मध्ये शिक्षा झाली, २००० मध्ये कोर्टाने रद्द केली, मग बीबीसीत पत्रकार झाला. तो कोठडीत शिरला की आधी भिंत, दार, संडास कुठे आहे ते बघतो, बसतो कुठे ते बघा, पाठ भिंतीला. दुसऱ्या देशातले कैदी, त्यांना त्याचा ॲक्सेंट साउथ लंडनचा की राजवाड्यातला हे कळणारही नाही, मध्ये दुभाष्या. पण त्याने आपण आत होतो हे सांगितलं की समोरच्याचे खांदे सैल पडतात. ते एडिटरने नाही केलेलं.

तिरकस

रोच्या सिरीजमध्ये तो ‘कैदी’ बनून आठवडाभर राहतो ते जरा नाटकी वाटतं मला. कॅमेरामन शेजारी असताना कसला कैदी. पण माणूस खरा आहे, ते मान्य.

फिल्मी किडा

आवाजाचाच विषय आहे तर अमेरिकन डॉक्युमेंटरीवाला एरल मॉरिस राहून कसा चालेल? ‘द थिन ब्लू लाइन’, १९८८. डॅलसमध्ये १९७६ ला एका पोलिसाला गोळी घातली, रॅंडल ॲडम्सला फाशी सुनावली, नंतर जन्मठेप झाली, आणि ज्याच्या साक्षीवर हे झालं तो डेव्हिड हॅरिस दुसऱ्याच खुनासाठी डेथ रोवर. मॉरिस अख्ख्या फिल्मभर प्रश्न विचारताना ऐकूच येत नाही, लोक आपले बोलत राहतात. शेवटच्या इंटरव्ह्यूला नेमका कॅमेरा बिघडला, मग त्याने साधा टेपरेकॉर्डर लावला. म्हणून फिल्मच्या शेवटी पडद्यावर दिसतो फक्त टेपरेकॉर्डर, वेगवेगळ्या बाजूंनी, आणि हॅरिसचा आवाज येतो, आणि पहिल्यांदाच मॉरिसचाही. ॲडम्स निर्दोष आहे का, विचारतो. तुला कसं माहीत, विचारतो. आवाज एकदम साधा, अमेरिकन, फोनवर बोलल्यासारखा. आणि हॅरिस जवळजवळ कबूल करतो. १९८९ मध्ये ॲडम्स सुटला.

म्हणजे अमेरिकन ॲक्सेंटला अमेरिकन कैदी बोलतो, वेळ दिला तर. मॉरिसने किती महिने त्या लोकांच्या मागे घालवले ते वाच.

कोर्टकचेरी

आणि परदेशी पाहुणाच नको असेल तर ‘इअर हसल’ ऐका, पॉडकास्ट, २०१७ पासून, सॅन क्वेंटिनमधूनच. प्रश्न विचारणारा अर्लॉन वुड्स तेव्हा स्वतः तिथे शिक्षा भोगत होता, बरोबर नायजेल पूर ही बाहेरून येणारी कलाकार. २०१८ मध्ये गव्हर्नरने वुड्सची शिक्षा कमी केली, तो सुटला, काम चालू ठेवलं. त्यात कोणी भोळं बनत नाही, कारण विचारणाऱ्याला आतलं सगळं माहीत आहे, त्यामुळे प्रश्नही वेगळेच येतात, कोठडीतला जोडीदार कसा निवडायचा, आत पाळीव प्राणी म्हणून काय ठेवतात, असले. थरूला हे सुचणारच नाही, त्याला गॅंगच दिसणार.

फक्त लक्षात ठेवा, एपिसोड बाहेर जायच्या आधी तुरुंगाचा एक लेफ्टनंट तो ऐकून मंजूर करायचा, आणि तसं तो एपिसोडमध्ये स्वतःच्या आवाजात सांगायचाही.

तिरकस

तो लेफ्टनंट सांगतो ते ऐकायला गंमत वाटते पहिल्यांदा. नंतर वाटत नाही.

रात्रपाळी

बापरे, एवढी यादी झाली की आता रजा टाकावी लागणार. पाळीव प्राण्यांचा एपिसोड आधी ऐकते.

@अनुनासिक, तुझं ऐकून मायामीचा दुसरा भाग सबटायटल बंद करून लावलाय. अर्धं डोक्यावरून जातंय, पण मागे नेऊन परत ऐकलं की कळतं, आणि एक मात्र झालं, थरूचे प्रश्न जरा जास्तच लांब वाटायला लागलेत. भावाला अजून पटलेलं नाही, तो म्हणतोय हर्झोगचा पण ॲक्सेंटच आहे की, जर्मन असला म्हणून काय झालं.